मदत हवी आहे: निवासी केअरमध्ये मुलांसोबत काम करायचंय

नमस्कार मंडळी, घरी छळ किंवा दुर्लक्ष सोसून आलेल्या किशोरवयीन मुलांच्या थेरप्युटिक निवासी केंद्रात काम करायची माझी खूप मनापासून इच्छा आहे, म्हणजे नुसतं राहणं-खाणं बघायचं नाही तर जेवण, अभ्यास, झोप, भांडणं या रोजच्या गोष्टींतूनच मुलाचा माणसांवर परत विश्वास बसावा असं काम. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीची अटॅचमेंट थिअरी (लहानपणी सांभाळणाऱ्या माणसांशी जसं नातं जडतं, त्याचा मुलाच्या पुढच्या नात्यांवर परिणाम होतो, ही मांडणी) वाचलीये, पण मूल मध्यरात्री दार आपटून शिव्या द्यायला लागलं की नेमकं काय करायचं? या मुलांना सोडून जाणारेच जास्त भेटलेले असतात, त्यामुळे मला टिकायचंय. आधी सोशल वर्कची डिग्री करू की केअर वर्कर म्हणून सुरुवात करू? आणि नाइट शिफ्ट, बर्नआउट यासाठी नियमित सुपरव्हिजन (म्हणजे कामाबद्दल आणि ताणाबद्दल अनुभवी वरिष्ठांशी बोलायची ठरलेली वेळ) मिळतं का, हे इंटरव्ह्यूत कसं विचारायचं? कोणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.