रेगन प्रशासनाच्या आर्थिक धोरणाचे श्रेय नेमके कशाला द्यावे?

प्रश्न : वाणिज्य शिक्षिका, रावपुरा, बडोदा

आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी दांडिया बाजारातील एका घरी जमून अर्थशास्त्रातील एखादा विषय वाचतो. गेले तीन रविवार आम्ही अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या १९८१ ते १९८९ या कारकिर्दीतील आर्थिक धोरणांवर घालवले, तरी मतभेद मिटलेला नाही. एका गटाचे म्हणणे असे की, १९८० साली १३.५ टक्के असलेली अमेरिकेची महागाई १९८३ साली ३.२ टक्क्यांवर आली, १९८४ साली अर्थव्यवस्था ७ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली आणि हे सारे करकपातीमुळे घडले. दुसरा गट सांगतो की, त्याच आठ वर्षांत सरकारचे कर्ज सुमारे १ लाख कोटी डॉलरवरून २.६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले, म्हणजे सुबत्ता उधारीवर आणलेली होती.

माझी अडचण अशी आहे की दोन्ही बाजूंचे आकडे खरे आहेत. कर आधी कमी झाले आणि भरभराट नंतर आली एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरे घडले असे मानणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडल्यावर दोष कावळ्याला देण्यासारखे आहे. कार्यकारणाचा धागा कोणी नीट उलगडून दाखवू शकेल का? पुढील आठवड्यात मला हाच विषय महाविद्यालयातील मुलांपुढे मांडायचा आहे, आणि त्यांना अर्धवट गोष्ट सांगण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर १ : निवृत्त बँक अधिकारी, कारेलीबाग

ताई, प्रथम तारखा एका ओळीत लावून पाहाव्यात, म्हणजे पुष्कळसा गोंधळ आपोआप दूर होतो. फेडरल रिझर्व्ह म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक; तिच्या अध्यक्षपदी पॉल व्होल्कर यांची नेमणूक ऑगस्ट १९७९ मध्ये झाली आणि ती केली होती रेगन यांच्या आधीचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी. चलनपुरवठा आवळण्याचा निर्णय त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला जाहीर झाला, म्हणजे रेगन निवडून येण्याच्या वर्षभर आधी. जून १९८१ मध्ये बँकांचा आपसातील रात्रभराच्या उसनवारीचा दर १९ टक्क्यांच्या आसपास होता आणि त्याच वर्षी घरकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या वर गेला. घरे बांधणारे व्यावसायिक निषेध म्हणून लाकडाचे तुकडे टपालाने व्होल्कर यांना पाठवत होते, तर शेतकऱ्यांनी वॉशिंग्टनमध्ये ट्रॅक्टर आणून फेडरल रिझर्व्हची इमारत अडवली होती. डिसेंबर १९८२ मध्ये बेकारी १०.८ टक्क्यांवर पोहोचली. कर्ज महागले, मागणी आटली आणि महागाई मोडली ती या दुखण्यातून. कर कमी केल्याने लोकांच्या हाती खर्चाला अधिक पैसा राहतो. निदान जवळच्या काळात त्याने महागाई उतरण्याचे कारण दिसत नाही.

तरीही रेगन यांना या बाबतीत काहीच श्रेय नाही असे मी म्हणणार नाही. अध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर, नोव्हेंबर १९८२ मध्ये झालेल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातील २६ जागा गमावल्या. अशा वेळी व्याजदर उतरवण्यासाठी मध्यवर्ती बँकेवर उघड हल्ला चढवणे कोणत्याही राज्यकर्त्याला सोपे वाटले असते. त्यांनी तो मार्ग धरला नाही, उलट १९८३ साली व्होल्कर यांचीच फेरनेमणूक केली. माझी सारी नोकरी बँकेत गेली असल्यामुळे असेल, पण मला हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा आर्थिक निर्णय वाटतो, आणि करकपातीच्या गाजावाजात तो झाकून जातो याची खंत वाटते.

तेलाचाही वाटा मोजला पाहिजे. रेगन यांनी जानेवारी १९८१ मध्ये देशी कच्च्या तेलावरील भावनियंत्रण उठवले हे खरे. ते टप्प्याटप्प्याने उठवण्याची सुरुवात मात्र कार्टर यांच्या काळातच झाली होती. पुढे १९८६ साली जगभर कच्च्या तेलाचा भाव निम्म्याहून खाली कोसळला, तो सौदी अरेबियाने उत्पादन वाढवल्यामुळे. कोयलीच्या रिफायनरीत नोकरी केलेले कोणी आपल्या मंडळात असतील तर ते वर्ष त्यांना नक्की आठवत असेल.

उत्तर २ : लघुउद्योजक, मकरपुरा

वरील उत्तरातील बहुतेक सर्व मला मान्य आहे, परंतु या धोरणाची किंमत कोणी मोजली हे त्यात पुरेसे आलेले नाही. मी १९८० ते १९८४ या काळात ओहायो राज्यात होतो आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करत होतो. ऑर्डरी आटल्या, दुसरी पाळी बंद झाली आणि शेवटी दाराला कुलूप लागले. वीस-वीस वर्षे लेथवर हात बसलेली माणसे बेकारभत्त्याच्या रांगेत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. आज माझे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे, आणि ती रांग मी विसरलेलो नाही.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. एकीकडे सरकार कर कमी करून संरक्षणखर्च वाढवत होते, त्यामुळे तूट फुगली. १९८३ च्या आर्थिक वर्षात ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६ टक्के झाली. दुसरीकडे मध्यवर्ती बँक पैसा आवळून धरत होती. सरकार कर्जासाठी बाजारात उतरलेले आणि पैसा दुर्मीळ, अशा स्थितीत महागाई वजा जाता उरणारा खरा व्याजदर चढाच राहतो. चढ्या व्याजाच्या ओढीने जगभरचे भांडवल अमेरिकेकडे धावले, डॉलर महागला आणि १९८५ च्या आरंभापर्यंत महागतच गेला. डॉलर महाग झाला की अमेरिकी माल परदेशात महाग पडतो आणि जपानी, जर्मन माल अमेरिकेत स्वस्त मिळतो. आमचा कारखाना कामगारांच्या आळसामुळे किंवा करांच्या ओझ्यामुळे बुडाला नाही. तो या कात्रीत सापडला. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांना एकत्र बसून डॉलर उतरवण्याचे ठरवावे लागले, यातच धोरणातील चूक कबूल केल्यासारखी आहे.

मुक्त बाजाराचा उच्चार करणाऱ्या याच प्रशासनाने १९८१ साली जपानी मोटारींची आयात वर्षाला १६.८ लाखांवर रोखून धरायला जपानला भाग पाडले, आणि १९८३ साली ७०० सीसीवरील आयात मोटारसायकलींचा कर ४५ टक्क्यांपेक्षा अधिक केला. मी या संरक्षणाला नावे ठेवत नाही. मात्र जे धोरण प्रत्यक्षात राबवले गेले त्याचा हिशोब करावा, भाषणांतील धोरणाचा नव्हे.

उत्तर ३ : करसल्लागार, प्रतापनगर

ताईंच्या मंडळातील दोन्ही गट ‘रेगन यांची करकपात’ असे एकवचनी बोलत आहेत, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. १९८१ चा कायदा आणि १९८६ चा कायदा या दोन निराळ्या, काही अंशी परस्परविरोधी गोष्टी आहेत.

ऑगस्ट १९८१ च्या कायद्याने सर्वोच्च वैयक्तिक दर ७० वरून ५० टक्क्यांवर आणला, सर्व टप्प्यांचे दर तीन हप्त्यांत उतरवले आणि कारखान्यांना यंत्रांवर व इमारतींवर फार वेगाने घसारा (झिजेपोटी करपात्र नफ्यातून मिळणारी वजावट) काढण्याची मुभा दिली. या घसाऱ्यामुळे करबचतीपुरतेच उभे राहणारे इमारतींचे प्रकल्प फोफावले. कपातीतून महसूल इतका वाढेल की तूटच उरणार नाही, अशी आशा या विचाराच्या काही पुरस्कर्त्यांनी दाखवली होती. ती फोल ठरली, आणि हे ठरवायला आपल्याला वाद घालण्याची गरज नाही, कारण रेगन यांनीच सप्टेंबर १९८२ मध्ये कर वाढवणाऱ्या कायद्यावर सही केली. महसुलाचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा १९८१ साली १९ टक्क्यांच्या वर होता, तो १९८४ पर्यंत १७ टक्क्यांपर्यंत घसरला. १९८१ च्या कायद्यातील एक तरतूद मात्र मी मनापासून वाखाणतो : १९८५ पासून करटप्पे महागाईशी जोडले गेले. त्याआधी पगार केवळ आकड्यात वाढला तरी माणूस वरच्या टप्प्यात ढकलला जाई आणि सरकारला कायदा न बदलता अधिक कर मिळे.

१९८६ चा कायदा याहून कितीतरी विचारपूर्वक केलेला होता. सर्वोच्च दर २८ टक्के, कंपन्यांचा दर ४६ वरून ३४ टक्के, पण त्याबरोबर १९८१ साली उघडलेल्या पळवाटा बंद केल्या गेल्या, वेगवान घसारा आटोक्यात आणला गेला आणि भांडवली नफ्यावरील करही २० वरून २८ टक्क्यांवर नेला गेला. अल्प उत्पन्नाची लक्षावधी माणसे प्राप्तिकराच्या कक्षेबाहेर गेली. सिनेटमध्ये पहिल्या मतदानात हे विधेयक ९७ विरुद्ध ३ मतांनी संमत झाले, म्हणजे विरोधी पक्षाचाही त्यात बरोबरीचा सहभाग होता. आपल्याकडे १९७३-७४ साली सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता आणि १९८५ च्या अर्थसंकल्पात तो ६१.८७५ वरून ५० टक्क्यांवर आला. चढे दर कागदावर कसे राहतात आणि उत्पन्न कसे दडते हे पाहिलेल्या आपल्या व्यवसायातील ज्येष्ठांना १९८६ च्या त्या कायद्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्ती :

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. दोन कायदे वेगळे मांडायचे हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. एक शंका उरते. प्राप्तिकरातून सुटलेल्या त्या गरीब माणसाचा एकूण भार खरोखर कमी झाला का?

उत्तर ३ चे लेखक :

प्राप्तिकरापुरता कमी झाला, परंतु प्राप्तिकर हा त्याचा मुख्य कर नव्हताच. १९८३ साली निवृत्तिवेतन योजना वाचवण्यासाठी पगारातून पहिल्या डॉलरपासून कापला जाणारा सामाजिक सुरक्षा कर वाढवला गेला, आणि तो एका ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावरच लागू असल्याने मोठ्या पगाराच्या माणसाला तुलनेने हलका पडतो. किमान वेतन ताशी ३.३५ डॉलर होते आणि ते १९८१ च्या आरंभापासून १९९० पर्यंत तेवढेच राहिले. मुलांपुढे तक्ता मांडताना प्राप्तिकराच्या शेजारी या दोन ओळी अवश्य घ्याव्यात.