एका रात्रीत घडणारा रोमँटिक कॉमेडी सिनेमा सुचवा

कॉलेजरोडकर: शनिवारी बायकोसोबत बघायचाय, अख्खी गोष्ट एकाच रात्रीत, एकाच शहरात पाहिजे, रडारड नको.

पंचवटीवाली: निक अँड नोराज इन्फिनिट प्लेलिस्ट, २००८ चा. न्यूयॉर्कमध्ये रात्रभर एका बँडचा गुपचूप ठेवलेला शो शोधत फिरतात आणि त्यात नोराची टुन्न झालेली मैत्रीण हरवते. मायकेल सेरा जाम गोड आहे त्यात!

नाशिकरोडचा: बिफोर सनराइज (१९९५) पण बघा दादा. व्हिएन्ना, नुसत्या गप्पा, कॉमेडी कमीच, पण सकाळी हिरोचं विमान आहे हे आपल्याला माहीत असतं ना, त्यामुळे जीव अडकतो.

पंचवटीवाली: असा सिनेमा नाशकात व्हायलाच पाहिजे राव, नाशिकरोडला गाडी चुकली की रिक्षाने थेट रामकुंड!

कॉलेजरोडकर: डन, आधी निक-नोरा.