कचऱ्याने भरलेल्या गवतात मंगळसूत्राची वाटी : मेटल डिटेक्टरचे कोणते संकेत खणावेत?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी न्यू जर्सीतील आमच्या काउंटी पार्कमध्ये मराठी कुटुंबांची सहल होती. रस्सीखेच खेळताना माझ्या पत्नीचे मंगळसूत्र तुटले आणि मणी गवतात विखुरले. सासरची वाटी तिथेच सापडली, परंतु माहेरची वाटी अंधार पडेपर्यंत शोधूनही मिळाली नाही. ती माझ्या सासूबाईंनी त्यांच्या गावच्या सोनाराकडून घडवून घेतली होती. त्या आता हयात नाहीत, त्यामुळे नवी वाटी करून ही उणीव भरून निघणार नाही.

एका मित्राने मिनलॅब इक्विनॉक्स ८०० हा डिटेक्टर दिला आहे. पार्कच्या कार्यालयाकडून लेखी परवानगीही मिळाली आहे, मात्र फक्त लहान हत्यार वापरण्याची अट आहे. अडचण जागेची आहे. शेजारीच मांस भाजण्याच्या जाळ्या असल्यामुळे जमिनीत अॅल्युमिनियम फॉइलचे तुकडे, कॅनच्या कड्या आणि बाटल्यांची झाकणे खच्चून भरली आहेत. रविवारी तीन तासांत मी वीसहून अधिक कड्या खणून काढल्या. प्रत्येक संकेताला यंत्र पडद्यावर एक आकडा दाखवते. इंटरनेटवरील तक्त्यांत सोन्याचे आकडे १ पासून २० च्या पुढेपर्यंत पसरलेले दिसतात, म्हणजे सगळा कचरा त्यांतच येतो. शेवटी कड्यांचे आकडे यंत्रातून गाळून टाकले. यंत्र शांत झाले, पण त्याबरोबर वाटीही गाळली गेली की काय, ही शंका मनातून जात नाही. पुढच्या गुरुवारी तेथील गवत कापले जाणार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

वाळूशोधक

आपली शंका रास्त आहे, म्हणून प्रथम ते गाळणे बंद करा. घोड्याच्या नालेचे चिन्ह असलेले बटण दाबले की गाळलेले सर्व आकडे पुन्हा ऐकू येतात. डिटेक्टर सोने ओळखत नाही. कॉइलच्या, म्हणजे दांड्याच्या टोकावरील तारांच्या चकतीच्या, चुंबकीय क्षेत्रामुळे वस्तूत भोवरा-प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युत प्रवाह, निर्माण होतात. ते किती जोराने वाहतात आणि किती वेळात विरतात, एवढेच यंत्राला कळते. त्यातून निघणारा आकडा वस्तूची वाहकता, आकारमान, जाडी आणि घडण यांचा एकत्रित परिणाम असतो. म्हणूनच सोन्याची लहानशी वाटी आणि फॉइलची गोळी यांचा आकडा एकच असू शकतो, आणि अमेरिकेचे ५ सेंटचे निकेल नाणे व कॅनची कडी बहुधा शेजारीशेजारी बोलतात.

परंतु आपल्याजवळ एक गोष्ट आहे, जी अशा शोधात क्वचितच कुणाजवळ असते : हरवलेल्या वस्तूची जोडीदार. सासरची वाटी रंगीत दोऱ्याने पिशवीला बांधा, त्याच पार्कच्या स्वच्छ कोपऱ्यात गवतावर ठेवा आणि तिच्यावरून कॉइल फिरवा. आधी ती पालथी ठेवा, मग उताणी, मग कडेवर उभी, आणि शेवटी एखाद्या कडीपासून वीतभर अंतरावर. प्रत्येक वेळचा आकडा आणि आवाज लिहून ठेवा. मेजावर हवेत घेतलेली चाचणी पुरेशी नाही, कारण इथली जमीन आणि इथला कचरा आकडा हलवतात.

दुसरी गोष्ट खोलीची. वाटी नुकतीच हरवली आहे, त्यामुळे ती गवताच्या मुळांत, फार तर इंचभर खाली असणार. पडद्यावर खोलीचे दोन किंवा अधिक बाण दिसले तर तो संकेत कितीही गोड वाटला तरी सोडून द्या. सेन्सिटिव्हिटी इतकी कमी करा की जुना, खोलवरचा कचरा ऐकूच येणार नाही. जमिनीत दडलेल्या कचऱ्याशी आपले काही देणेघेणे नाही, आणि माझ्या मते निम्मी डोकेदुखी या एका बदलाने जाईल.

६ इंची कॉइल मिळाली तर अवश्य लावा. मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी तीन वस्तू येतात आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात. पार्क २ हा मोड घ्या, रिकव्हरी स्पीड (एका संकेतानंतर यंत्र पुढच्यासाठी तयार होण्याचा वेग) ६ किंवा ७ ठेवा, दोऱ्या ताणून अरुंद पट्टे आखा आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवा. गवत कापण्यापूर्वी हे संपवा, कारण यंत्राच्या पात्याने वाटी चेपेल किंवा कुठेतरी दूर उडेल.

पेठेतला सोनार

वाळूशोधक यांच्याशी सहमत आहे, पण आमच्या धंद्यातील एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. हल्ली वाट्या जोडीनेच घेतल्या जातात. आपल्याकडे मात्र एक वाटी सासरची, एक माहेरची, म्हणजे दोन घरे आणि दोन सोनार. एकाने पत्रा जाड घेतला असेल, दुसऱ्याने पातळ. एकाचे सोने चोख २२ कॅरटचे असेल, दुसऱ्याच्या हातून डागात, म्हणजे सांधा जोडताना, मिश्रण अधिक गेले असेल. जुन्या वाटीला हॉलमार्क नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा चाचणीत जो आकडा येईल, त्याच्या दोन अंक खाली आणि दोन अंक वर असा पट्टा धरावा.

अमेरिकेतील तक्त्यांवर विसंबू नये, हे मीही सांगेन. ते प्रामुख्याने तिथल्या १० आणि १४ कॅरटच्या अंगठ्यांवरून बनलेले असतात. १४ कॅरटमध्ये सोने सुमारे ५८.३ टक्के असते, तर आपल्या २२ कॅरटमध्ये ९१.६ टक्के. शुद्ध सोने विजेचे उत्तम वाहक आहे, परंतु त्यात तांबे किंवा चांदी मिसळली की वाहकता झपाट्याने घसरते. म्हणून सारख्याच मापाची २२ कॅरटची अंगठी १४ कॅरटच्या अंगठीपेक्षा वरचा आकडा दाखवते. वाटीच्या बाबतीत पत्रा पातळ असल्यामुळे तो आकडा पुन्हा खाली येतो, एवढेच.

मंगळसूत्र तुटले तेव्हा काळे मणी कुठे सांडले, हे पाहिलेत का? काचेचा मणी डिटेक्टरला दिसत नाही, आणि बारीक सोन्याचा मणीही कॉइलला जवळजवळ चिकटल्याशिवाय बोलत नाही. पण डोळ्यांना काळा मणी दिसतो. जिथे मणी दाट सापडतात, तिथूनच शोधाला आरंभ करा.

एडिसनकर

दोघांचेही आभार. आज चाचणी केली. सासरची वाटी पालथी आणि उताणी ठेवल्यावर ७ व ८ दाखवते. कडेवर उभी केली की ६ येतो, तोही एकाच दिशेने. मी ५ ते १० हा पट्टा धरला आहे. बहुतेक कड्या ११ च्या वर बोलतात, त्यामुळे त्या आपोआप वगळता येतात. फॉइल मात्र याच पट्ट्यात आहे. संकेत स्थिर असेल तरच खणावे, असे सगळीकडे वाचले. ते मानावे का?

वाळूशोधक

मानू नका. चुरगळलेली फॉइल फिरून पाहताना आकडा बदलते, हे बहुतांशी खरे आहे, पण तो नियम मोठ्या अंगठीसाठी ठीक आहे. आपण स्वतःच पाहिलेत की उभी वाटी एकाच बाजूने बोलते. ५ ते १० मधला आणि एकच बाण दाखवणारा प्रत्येक संकेत तपासा. त्यासाठी खणण्याचीही गरज नाही. गुडघ्यांवर बसा, गवत बोटांनी विंचरल्यासारखे बाजूला करा आणि पिनपॉइंटर (हातात धरायचा छोटा डिटेक्टर) मुळांत फिरवा. एका संकेताला अर्धे मिनिट पुरते.

एडिसनकर

कळवण्यास आनंद होतो की आज, बुधवारी सायंकाळी, वाटी सापडली. मणी दाट सांडले होते तिथून पट्टे आखायला सुरुवात केली. चौथ्या पट्ट्यात एक संकेत आला, ५ आणि ६ यांच्यात हलणारा. काटकोनात फिरून पाहिले तर काहीच ऐकू येईना. रविवारी मी तो फॉइल समजून नक्कीच सोडला असता. गवत बाजूला केले, तर वाटी टाचेखाली दबून मुळांत कडेवर उभी रुतलेली होती. काठ थोडा चेपला आहे, आणि आकडा एका अंकाने खाली येण्याचे कारण ते किंवा पातळ पत्रा असावा. पत्नीने ती हातात घेतली आणि बराच वेळ तिथेच गवतात बसून राहिली. उरलेले दोन सोन्याचे मणी मिळाले नाहीत. दोन दिवसांत निघालेला सगळा कचरा पिशवीत भरून पार्कच्या कचरापेटीत टाकला आणि पहिल्या दिवशी खणलेले खड्डे पुन्हा दाबून बुजवले.

पेठेतल्या सोनारांना एक विनंती. चेपलेला काठ सरळ करताना पत्रा फाटण्याची भीती असते का, आणि हे काम इथल्या सोनाराकडे द्यावे की भारतात येईपर्यंत थांबावे?

पेठेतला सोनार

थांबावे. जुना पातळ पत्रा थेट ठोकला तर तडकतो. आधी तो तापवून मऊ करावा लागतो आणि मग लाकडी ठोकणीने आतून हळूहळू उचलावा लागतो. तोवर ती वाटी कापसात गुंडाळून डबीत ठेवा. दोऱ्यात ओवू नका, कारण वाटीच्या कडीचा डागही तपासून घ्यायला हवा.