ग्रुप प्रोजेक्ट बंद करा म्हणे! आधी तो छज्जा कोणी काढला ते विचारा

चुनाभट्टीकर
परवा एका कन्सल्टंट साहेबांची पोस्ट फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आली. साहेब कॉलेजांत परीक्षक म्हणून जातात. म्हणणं असं, की सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे ग्रुप प्रोजेक्ट बंद करा. चारातला एक राबतो, बाकीचे तिघं ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाच्या, बाइंडिंगचे पैसे देतात. त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक तीन मजली इमारत द्या आणि हाताने डिझाइन करू दे. खाली अंगठ्यांचा पाऊस.

एरवी सोडून दिलं असतं. पण "टीमवर्क काय, नोकरीत आपोआप येतं" हे वाक्य डोक्यात गेलं. नाही येत हो.

आम्ही चौघं होतो. बाल्कनीचा स्लॅब मी केला, हिशोब चोख. ड्रॉइंग दुसऱ्याने काढलं. त्याने शेजारच्या खोलीच्या स्लॅबचं डिटेल उचललं आणि बाल्कनीला चिकटवलं. मुख्य सळया सगळ्या खाली! कँटिलिव्हर आहे, म्हणजे एकाच बाजूने धरलेला स्लॅब, ताण वरच्या अंगाला. खालची सळई नुसती झोपून राहणार. मी त्याचं ड्रॉइंग पाहिलं नाही, त्याने माझा हिशोब. गाइडने सही केली, एक्स्टर्नलने पानं उलटली, ब्लॅक बुक सोनेरी अक्षरांत बांधून झालं.

पुढे पहिल्याच नोकरीत अगदी हीच चूक ऑफिसातून ड्रॉइंगवर बसून साइटवर आली. पकडली कोणी? सळई बांधणाऱ्या फिटरने. "साहेब, छज्ज्याचं लोखंड वर असतं."

एकटा मुलगा डिझाइन करतो तेव्हा हिशोब आणि ड्रॉइंग एकाच डोक्यात असतं. इथे चूक झाली ती कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना, आणि ते चौघांत बसल्याशिवाय कळायचं नाही. ग्रुप ठेवा. फक्त व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ज्याने बीम केला त्याला फूटिंग (पाया) विचारा, मग बघा कसे एकमेकांचे कागद वाचतात.

सळईवाला
असहमत. तुम्ही आठवणी सांगताय, मी तो राबणारा एक होतो. रात्री दोनला ईटॅब्सचं (इमारत डिझाइनचं सॉफ्टवेअर) मॉडेल उडालं तेव्हा बाकीचे तिघं मरीन ड्राइव्हवर. मार्क चौघांना सारखे. त्यातला एक आज दुबईत आहे, प्रोफाइलवर लिहितो की कॉलेजात टीमचं नेतृत्व केलं.

आता मीच पोरांचे इंटरव्ह्यू घेतो. समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतीला कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, किती विचारलं की २० मिमी. स्लॅबचं पाठ असतं तेवढंच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याच्या हवेला ४५ मिमी आणि किमान एम ३० ताकदीचं काँक्रीट सांगितलंय, हे टेबल त्यांनी उघडलेलंच नसतं. ते म्हणे 'माझ्या पार्टनरकडे' होतं. आधी एकट्याने एक बीम तरी करा, मग गप्पा टीमच्या.

मास्तरीणबाई
दोघांनाही एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं. सोळा ग्रुप आहेत माझ्याकडे. प्रत्येकाला आठवड्याला अर्धा तास म्हटलं तर आठ तास, आणि बाकीचा वेळ सीओ-पीओ मॅपिंगच्या, म्हणजे कुठल्या विषयातून मुलं काय शिकली ते दाखवणाऱ्या, एक्सेल शीट भरण्यात. 'टीमवर्क' नावाच्या रकान्यात ३ टाकला की कॉलेजला मान्यता देणाऱ्या एनबीएच्या फाइलपुरतं टीमवर्क झालं. व्हायवाला फूटिंग विचारा म्हणे! विचारते की. मग पोरं रडतात आणि पालक एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) जातात.

अंधेरी ईस्ट
टीमवर्क हवंय ना? अंधेरीचा रुळांवरचा गोखले पूल बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली आणि शेजारच्या बर्फीवाला पुलाशी पातळीच जुळेना! दोन पूल, मध्ये पायरी. डिग्र्या सगळ्यांकडे होत्या.

रुळांशेजारी
अवांतर आहे, पण अर्धवट माहितीवर राहवत नाही. रेल्वेने रुळांवरच्या पुलांसाठी उंची वाढवून मागितली, म्हणून नवा गोखले वर गेला. जुना बर्फीवाला जिथे होता तिथेच. हिशोब कोणाचाच चुकला नव्हता.

अंधेरी ईस्ट
अहो, मग तेच तर म्हणतोय! वर जाणार हे माहीत होतं ना? नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद झाला तेव्हापासून रुळांखालच्या सबवेने जातोय मी. पावसात सबवे भरला की ऑफिसला फोन. शेवटी बर्फीवाला जॅक लावून उचलला, एका बाजूला १,३९७ मिमी, दुसरीकडे ६५०. हे आधी कागदावर नसतं झालं?

रुळांशेजारी
उभा पूल उचलून जोडणं हे केवढं काम आहे ते जॅक पाहिलेल्याला विचारा. घरबसल्या पूल बांधणाऱ्यांचं बरं असतं.

अंधेरी ईस्ट
घरी बसायलाच तर मिळत नव्हतं, सबवेत अडकलो होतो.

सळईवाला
धागा प्रोजेक्टचा आहे, विसरलात का दोघं?

चुनाभट्टीकर
विषय तोच आहे हो. दोन पूल म्हणजे माझं छज्ज्याचंच ड्रॉइंग, फक्त मोठं.

भरतीओहोटी
मी अजून शिकतोय, तरी लिहितो. आमचा प्रोजेक्ट हिंदमाताच्या, म्हणजे दादरजवळच्या पाणी तुंबणाऱ्या सखल भागाच्या, पावसाळी पाण्याचा. मी १० हेक्टर घेतले, सगळं काँक्रीटच धरलं, ताशी ५० मिमी पाऊस, सेकंदाला १.३९ घनमीटर पाणी. गटाराचा आकार काढून मी मोकळा. ग्रुपमधली एक मुलगी वरळी कोळीवाड्यातली. ती म्हणाली, "आणि तेव्हा भरती असली तर तुझं पाणी जाणार कुठे?" समुद्र वर असताना गटाराचं तोंड उघडं ठेवलं तर तोच आत येतो, बंद ठेवलं तर आपलं पाणी आतच. मग पंप तरी हवा नाहीतर साठवण टाकी. माझं गटार पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पुन्हा सगळं केलं, तीन आठवडे गेले, भांडणंही झाली.

सळईवाला
बरं, हे मान्य. एकट्याला ती भरती सुचली नसती. पण त्या कोळीवाड्यातल्या पोरीला आणि तुला मार्क सारखेच मिळाले ना?

भरतीओहोटी
हो दादा. आणि जो एकदाही हिंदमाताला आला नाही त्यालाही.

सळईवाला
मग माझं म्हणणं तरी वेगळं काय होतं!

मास्तरीणबाई
वेगवेगळे मार्क मी एकदा दिले होते. सारखे का नाहीत, याचा लेखी खुलासा द्यावा लागला. असो. चुनाभट्टीकर, तो तुमचा छज्जा ब्लॅक बुकात तरी दुरुस्त केलात का कधी?

चुनाभट्टीकर
नाही. लायब्ररीत तसाच आहे. पुतण्या त्याच कॉलेजात शिकला. गेल्या वर्षी त्याच्या ग्रुपचं ब्लॅक बुक कौतुकाने चाळत होतो. पान उलटलं तर बाल्कनी तीच, मापं तीच, सळया खाली.