बॅग भरून ठेवलीय पण ह्यावेळी रागात जायचं नाही, मदत हवी आहे

नमस्कार, मी लातूरची, माहेर उदगीर. लग्नाला 11 वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे. मिस्टर रोज पितात, आधी शनिवार-रविवार होतं, आता सकाळीच हात थरथरतात म्हणून लागते. येळवशीला (वेळ अमावस्येला) तर शेतात सगळ्या पाहुण्यांसमोर पूजेच्या कोपीपाशीच पडले, मुलगी बघत होती.

आधी तीनदा माहेरी गेले आणि तिन्ही वेळा आठ-पंधरा दिवसात परत आले, कारण जाताना काही ठरवलंच नव्हतं, नुसता राग होता. आता चौथ्यांदा बॅग भरली आणि दोन दिवस झाले ती कॉटखाली आहे. म्हणलं आधी स्वतःचं बघू, आजवर मी काय काय केलं ते लिहायला वही घेऊन बसले. साहेबांना फोन करून ह्यांना ताप आहे म्हणून मीच सांगायचे, उधारी मीच फेडायचे, बाटल्या मोरीत ओतायचे. एकदा तर बाहेरून कडी लावून दोन दिवस खोलीत ठेवलं, दुसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, काहीबाही बडबड, अंगाला कापरं. डॉक्टर लई रागावले, रोज पिणाऱ्याची अशी एकदम तोडायची नसते म्हणले, झटके येऊन जीव जाऊ शकतो, दवाखान्यात औषधं देऊनच करायचं असतं. ती रात्र आठवली की अजून झोप येत नाही.

अल-अनॉन म्हणून दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी मीटिंग असतात, तिथं सांगतात की दारू तुमच्यामुळं लागली नाही, तुम्ही ती आवरू शकत नाही आणि बरीही करू शकत नाही. हे वाचून खूप रडले, 11 वर्षं मी तेच करायलेय. पण मग माझ्या हातात काय उरतं ते कळंना.

मारहाण नाही, हे आधीच सांगते, असती तर वही घेऊन बसलेच नसते.

ज्या ह्यातून गेल्यात, निघाल्या किंवा राहिल्या, त्यांना विचारायचंय, नुसता राग आहे का खरंच संपलंय हे कसं ओळखलं? लेकराला काय सांगितलं? पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी गट आहे, पण नवरा ॲडमिट व्हायला तयार नसताना बायको एकटी गेली तर चालतं का? आणि लातूर-नांदेडकडं कुणी घरच्यांच्या मीटिंगला गेलंय का? सोडून दे किंवा सहन कर एवढंच नका लिहू, आई एक म्हणते सासूबाई दुसरं, दोन्ही ऐकून झालंय.

परवा भाऊ न्यायला येतो म्हणतोय, त्याला अजून हो म्हणलं नाही.