९ महिन्यांच्या बाळाला घेऊन हॉटेलात जेवायला (सांगली)

हळदीकुंकू:
पुढच्या रविवारी सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. आम्ही १० जण रात्री विश्रामबागेत जेवायला जाणार आहोत. बाळ ९ महिन्यांचं आहे. न टेकता बसतं, मऊ वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं खातं. अंगावर पितं, रात्री एकदा पावडरचं दूध. किती वाजता जावं, बाळाला बसवावं कुठे आणि हॉटेलातलं काय देता येईल? घरी सगळे म्हणतात, 'साधं वरण मागवू की, त्यात काय एवढं.' खरंच चालतं का ते?

कृष्णाकाठ:
आधी वेळ आणि टेबल, मग जेवण. रविवारी साडेआठनंतर सगळीकडेच गर्दी उसळते आणि नेमकी तीच बाळाची झोपेची वेळ. सातला टेबलावर बसलेलं असावं. या वयाचं बाळ एका जागी पाऊण तास, फार तर तासभर रमतं. १० जण म्हणजे ऑर्डर ठरेपर्यंत १५ मिनिटं, स्टार्टरला २०, मग जेवण यायला आणखी अर्धा तास. तोवर बाळ कंटाळून रडायला लागतं. म्हणून दुपारीच फोन करून टेबल सांगा आणि भाज्या-भात तेव्हाच लिहून द्या. रोट्या तेवढ्या बसल्यावर सांगायच्या.

टेबल कोपऱ्यातलं, भिंतीकडचं मागा, पण तेवढ्यावर भागत नाही. किचनच्या दाराजवळचं नको, तिथून तापलेले ट्रे सारखे ये-जा करतात. एसीचा झोत थेट येतो तिथे नको, स्पीकरखाली तर नकोच. बाळ भिंतीच्या बाजूला, शेजारी तुम्ही. बसल्याबसल्या वेटरला सांगा, 'दादा, या बाजूनं वाढू नका, बाळ आहे.' रश्श्याची वाटी बाळाच्या डोक्यावरून जाता कामा नये. थाळीचं हॉटेल असेल तर जास्त जपा, तिथे आमटी घेऊन वाढपी सारखे फिरत असतात.

डायपर निघताना घरी बदला. हॉटेलात त्यासाठी वेगळी सोय क्वचितच असते, लागलंच तर गाडीच्या मागच्या सीटवर दुपटं अंथरून. जेवणाच्या टेबलावर अजिबात नको.

भटारखाना:
वरणाचं सांगतो. बहुतेक हॉटेलांत डाळ सकाळीच मोठ्या पातेल्यात मीठ-हळद घालून शिजवून ठेवतात. ऑर्डर आली की त्यातली काढून फोडणी देतात. 'फोडणी नको, मीठ नको' सांगितलं तरी फोडणीच तेवढी टाळता येते, मीठ आधीच आत गेलेलं असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ किंवा साखर द्यायची नसते. भाताचंही तसंच. भरपूर पाण्यात मीठ घालून, किंचित कणी ठेवून तो निथळतात, म्हणजे मोकळा होतो. चिमटीत दाबून बघा, शीत मोडत नाही, निसटतं. बाळाला हा भात उपयोगाचा नाही.

तेव्हा घरची मुगाची खिचडी न्या. रुंद तोंडाचा थर्मास घ्या, त्यात उकळतं पाणी भरून १० मिनिटं झाकून ठेवा. मग ते ओता आणि वाफाळती खिचडी काठोकाठ भरा. अर्धवट भरला तर लवकर निवतं. २ तासांत संपवा. साध्या डब्यात नेलेली कोमट खिचडी आपल्याकडच्या मार्चच्या उकाड्यात तासाभरापलीकडे देऊ नका. शिजलेल्या भातात कोमटपणी जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वाटीत काढून उरलेली खिचडी परत थर्मासात टाकू नका, उष्टा चमचा लागलेला असतो.

हॉटेलातलं मागायचंच तर सालीसकट उकडलेला बटाटा मागा, तो किचनमध्ये बहुधा तयार असतो. सोलून, तुमच्याच चमच्यानं कुस्करून द्या. तंदुरी रोटीचा तुकडा चघळायला देऊ नका. लाळेनं भिजून त्याचा लगदा होतो आणि टाळूला चिकटतो.

दुधासाठी उकळलेलं पाणी वेगळ्या थर्मासात, पावडर मोजून कोरड्या डबीत. पाणी निदान ७० अंश गरम हवं, कारण पावडर निर्जंतुक नसते. कालवून झालं की बाटली नळाखाली धरून निववा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. कालवलेलं दूध २ तासांत संपवा. बाळानं तोंड लावलं की तासाभरात, उरलेलं ओतून टाका. हॉटेलातलं 'गरम पाणी' पुष्कळदा नुसतं कोमट केलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

टेकू:
फोन करालच, तर हाय चेअर आहे का आणि तिला पट्टा आहे का, दोन्ही विचारा. कमरेचा पट्टा पुरत नाही, दोन पायांमधून येणारा हवाच. तो नसला की बाळ खाली घसरतं आणि गळ्याशी अडकतं. ओढणीनं बांधण्यातही हाच धोका. असा पट्टा नसेल तर सरळ मांडीवर घ्या आणि आळीपाळीनं जेवा.

बसवण्याआधी खुर्ची हातानं हलवून बघा, चारही पाय टेकले पाहिजेत. बाळाचे पाय टेबलाच्या कडेला पोचणार नाहीत इतकी ती लांब ठेवा. पायांनी रेटा दिला की खुर्ची मागे उलटते. टेबलक्लॉथ असेल तर काढायला सांगा, एका ओढीत चहासुद्धा अंगावर येतो.

भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट काही लावायचं नाही. घास अडकला आणि बाळाला खोकता-रडता येत नसेल, तर पालथं हातावर घ्या, डोकं खाली. खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर एका तळहाताच्या टाचेनं ५ दाब. सुटेपर्यंत हेच, दुसऱ्यानं १०८ लावायचा. पोट दाबायचं नाही, न दिसणाऱ्या घासासाठी घशात बोट घालायचं नाही. टेबलावरच्या निदान दोघांना हे आधी करून दाखवा.

हळदीकुंकू:
खूप खूप आभार. एक राहिलं. आजोबा तासगावची द्राक्षं आणि भडंग घेऊन येणार आहेत, आणि बाळाला भरवायची त्यांना भारी हौस. बेदाणे तरी चालतील का?

टेकू:
बेदाणे नकोत, चिकट असतात. भडंगातले शेंगदाणे ५ वर्षांपर्यंत नकोत. अख्खं द्राक्ष तर श्वासनलिकेत बुचासारखं बसतं. द्यायचंच तर साल काढून उभे ४ भाग करा. आडव्या गोल चकत्याही तशाच अडकतात. आजोबांच्या हातात खिचडीची वाटी आणि चमचा द्या, भरवायची हौस त्यात छान फिटेल.

बिलाबरोबर बडीशेप-खडीसाखरेची वाटी आणि टूथपिक येतात. तोवर सगळे उठायच्या गडबडीत असतात आणि वाटी टेबलाच्या कडेला, बाळाच्या हाताशी ठेवलेली असते. ती काउंटरवरच राहू द्या म्हणावं.