नेत्याने 'विधी नकोत' असं लिहून ठेवलं असेल तर ते पाळायचं की नाही? (नेहरूंचं मृत्युपत्र)

गिरगावचा_भाचा:
गेल्या महिन्यात मामा गेले. दादरला राहायचे, देव मानायचे नाहीत, आणि डायरीत सरळ लिहिलं होतं की माझं दहावं-तेरावं करू नका. तरी सगळं झालं. नाशिकला पिंड ठेवले, कावळा शिवेना म्हणून शेवटी दर्भाचा कावळा केला. मामी म्हणाली लोक काय म्हणतील, आणि मी पण गप्प बसलो, तेच डोक्यातून जात नाहीये.

नंतर नेहरूंचं मृत्युपत्र परत वाचलं, २१ जून १९५४ चं. त्यात म्हणतात की माझ्यामागे कुठलेही धार्मिक विधी नकोत, माझा त्यावर विश्वास नाही आणि नुसती रीत म्हणून करणं हे ढोंग होईल, स्वतःची आणि दुसऱ्यांची फसवणूक होईल. अस्थींतली मूठभर राख अलाहाबादला गंगेत टाका पण त्याला धार्मिक अर्थ नाही, लहानपणापासून त्या नदीचा लळा आहे म्हणून. बाकीची राख विमानातून शेतांवर, जिथे शेतकरी राबतात तिथे. इतकं स्पष्ट लिहून ठेवलेलं. आणि २७ मे १९६४ ला ते गेल्यावर काय झालं, तर यमुनेकाठी मंत्रोच्चारात दहन, नातवाने अग्नी दिला. मला हे चूक वाटतं. अख्ख्या देशाने ज्याला १७ वर्षं पंतप्रधान म्हणून मानलं त्याचं शेवटचं सांगणं तरी ऐकायला हवं होतं.

परळ_नाका:
पूर्ण सहमत. माणूस हयात असताना विरोध करायची हिंमत नसते आणि गेल्यावर त्याच्या नावाने सगळं उरकून घेतात.

मुलुंडची_ताई:
मला नाही पटत. अंत्यविधी गेलेल्यासाठी नसतात हो, मागे राहिलेल्यांसाठी असतात. माझे बाबा गेले तेव्हा ते १३ दिवस घरात माणसं होती म्हणून आई उभी राहिली. इंदिराबाईंनी वडील गमावले होते, बाहेर लाखो लोक उन्हात उभे होते, त्या लोकांना त्यांच्या पद्धतीने निरोप द्यायचा होता. आणि गंगेचं म्हणाल तर, नदीचा एवढा ओढा असलेला माणूस अगदी कोरडा नास्तिक होता असं मला वाटत नाही. धार्मिक अर्थ नाही म्हणाले खरे, पण गंगाच का मग?

गिरगावचा_भाचा:
ताई, तिथेच तर आपण त्यांच्या तोंडात आपलं वाक्य घालतो. मला चौपाटीवर अनंत चतुर्दशीला गलबलून येतं, म्हणून मी भाविक आहे असं कोणी ठरवलं तर चालेल का? गंगा त्यांना देशाच्या जुन्या संस्कृतीची खूण वाटायची, तसं तिथेच लिहिलंय. ते वाचायचं आणि मग नाही, आत श्रद्धा होतीच म्हणायचं, हे बरोबर नाही.

शिवडी_बंदर:
मग हाच न्याय तेव्हाचे राष्ट्रपती राजेंद्रबाबूंना (राजेंद्र प्रसाद) लावा ना. ते श्रद्धाळू होते, ११ मे १९५१ ला सोमनाथच्या नव्याने बांधलेल्या देवळात प्राणप्रतिष्ठेला गेले. नेहरूंनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. का? एकाची अश्रद्धा खाजगी आणि दुसऱ्याची श्रद्धा मात्र सरकारी अडचण, असं कसं? राष्ट्रपती झाला म्हणून माणसाने देवळात जायचं नाही काय? माझा नेहरूंवर राग नाही, पण त्यांनी स्वतःसाठी जी मोकळीक मागितली ती दुसऱ्याला देताना हात आखडला.

परळ_नाका:
तो आक्षेप पूजेला नव्हता, पदाला होता. सौराष्ट्र सरकारने त्या कार्यक्रमाला ५ लाख द्यायचे ठरवले त्यावरही नेहरू नाराज होते. गांधीजींनीच आधी म्हटलेलं की देऊळ लोकांच्या पैशाने बांधा, सरकारच्या तिजोरीतून नको. आणि संविधान सभेतलं आठवा, १७ ऑक्टोबर १९४९, हरि विष्णु कामतांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने करायची सूचना आणली, मतदान झालं, ४१ बाजूने, ६८ विरोधात. विरोध करणारे सगळे काही नास्तिक नव्हते. सभेतलेच एक सदस्य हृदयनाथ कुंझरू, त्यांचं म्हणणं हेच होतं की आपली भावना दुसऱ्यावर लादू नये. पण पदाच्या शपथेत मात्र दोन्ही वाटा ठेवल्या, ईश्वरसाक्ष घ्या नाहीतर गांभीर्यपूर्वक घ्या. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शिवडी_बंदर:
पाच लाखांचं मान्य, तो मुद्दा बरोबर आहे. जाण्याबद्दलचं माझं मत तेच आहे.

नायगाव_बीडीडी:
तुम्ही सगळे श्रद्धा खाजगी धरूनच चाललाय. आमच्याकडे तसं नाहीये. बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात जाहीर सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, २१ वर्षं अभ्यास केला, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखोंसमोर दीक्षा घेतली. ती त्यांची श्रद्धा होती आणि ती घरात ठेवायची गोष्टच नव्हती, कारण ज्या धर्माने पाणी नाकारलं तो सोडणं हे चारचौघांतच करावं लागतं. दोन महिन्यांच्या आत ते गेले. दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि चितेसमोर हजारोंनी दीक्षा घेतली. माझी आजी त्या गर्दीत होती, ती सांगायची की रडणं आणि शपथ एकदमच चाललं होतं. त्या दिवशी जर कुणी जुन्या रीतीने मंत्र म्हटले असते तर? नुसता विचार करा. म्हणून भाच्याचं म्हणणं मला पटतं, फक्त कारण वेगळं आहे. नेत्याने काय मानलं ते खाजगी आहे म्हणून नव्हे, ते त्याने विचार करून ठरवलंय म्हणून पाळायचं.

मुलुंडची_ताई:
हे वाचून थांबले जरा. आजींचं ऐकून बाबासाहेबांच्या बाबतीत मी तसं म्हणूच शकत नाही. नेहरूंच्या बाबतीत अजून वाटतं की लेकीला दोष देऊ नये.

गिरगावचा_भाचा:
लेकीला दोष नाही देत ताई, मामीलाही नाही. पण वर्षश्राद्धाचं निघेल तेव्हा डायरीचं ते पान सगळ्यांपुढे ठेवणार आहे.

मुलुंडची_ताई:
सगळ्यांपुढे नको. आधी मामी एकट्या असताना त्यांना वाचून दाखवा, आणि वर्षाची वाट कशाला बघता, या रविवारीच जा.